स्क्रूपासून सर्व्हरपर्यंत : केर काढणाऱ्या रोबोच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास

१/ केर काढणारा ‘रुम्बा’ हा रोबो २००२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. त्यानंतर ‘आयरोबॉट’ या त्याच्या निर्मात्या कंपनीला एक अनपेक्षित अनुभव येऊ लागला. यंत्र बिघडल्याची तक्रार आली की कंपनी ते परत मागवून नवे पाठवण्याची तयारी दाखवी आणि काही ग्राहक चक्क नकार देत. त्यांना नवा रुम्बा नको होता. ज्याला घरात नाव ठेवले होते, तोच रुम्बा दुरुस्त होऊन परत हवा होता. कंपनीचे एक संस्थापक कॉलिन अँगल यांनी ही हकीकत मुलाखतींतून सांगितली आहे.

२/ एका झाडूवर एवढा जीव का जडावा, हा प्रश्न मनोरंजक आहेच. मात्र त्याच्या पोटात दुसरा, अधिक गंभीर प्रश्न दडलेला आहे. घरात आलेले यंत्र बिघडले, तर ते उघडण्याचे सामर्थ्य आणि अधिकार कोणाकडे? या यंत्राच्या अल्पशा इतिहासात त्याचे उत्तर दोनदा पालटले. तो पालट समजण्यासाठी आरंभ सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लंडनपासून करावा लागतो.

३/ सन १९०१. ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये धूळ झाडणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र हवा फुंकून धूळ उडवी. उडालेली धूळ बहुतांशी पुन्हा खाली बसे. बूथ यांनी उलट विचार केला : हवा फुंकण्याऐवजी ओढली तर? एका उपाहारगृहातील खुर्चीच्या मखमली पाठीला तोंड लावून त्यांनी स्वतःच प्रयोग केला. ठसका लागला, परंतु कल्पना सिद्ध झाली.

४/ बूथ यांचे यंत्र घरात मावणारे नव्हते. पेट्रोलवर चालणारा पंप घोडागाडीवर बसवलेला असे, गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत सोडल्या जात. सातवा एडवर्ड याच्या १९०२ मधील राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ केले. येथे दुरुस्तीचा प्रश्न घरापर्यंत पोहोचतच नव्हता. यंत्र कंपनीचे, चालवणारे कंपनीचे. घरमालक केवळ सेवेचे पैसे मोजी.

५/ यंत्र घरात आले ते एका सफाई कामगारामुळे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर एका दुकानात झाडलोट करीत. त्यांना दम्याचा विकार होता आणि झाडूने उडणारी धूळ त्यांना असह्य होई. त्यांनी विजेचा पंखा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची सांगड घालून एक यंत्र उभे केले. १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. ते हक्क चामड्याच्या वस्तूंचे कारखानदार विल्यम हूवर यांनी विकत घेतले. पुढे ‘हूवर’ हे नाव जगभर पोहोचले.

६/ घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा जन्मच अशा जोडजाडीतून झाला आहे. पुढची कित्येक दशके त्याचे स्वरूप फारसे बदलले नाही : एक मोटर, एक पंखा, एक पिशवी, एक फिरता ब्रश आणि तो फिरवणारा रबरी पट्टा. पट्टा तुटला तर नवा आणून घरीच चढवायचा, पिशवी भरली तर बदलायची. सोबतच्या पुस्तिकेत या कृती लिहिलेल्या असत. यंत्राची मालकी आणि यंत्राची ओळख या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदत होत्या.

७/ रोबोचा अध्याय एमआयटीच्या प्रयोगशाळेत सुरू होतो. १९८०च्या दशकात रोबोंविषयी प्रचलित समज असा होता की यंत्राने आधी भोवतालाचा संपूर्ण नकाशा मनात तयार करावा, मग विचार करावा आणि मगच पाऊल उचलावे. त्या काळच्या संगणकांना हे काम अतिशय जड जाई. रॉडनी ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये निराळी रचना मांडली. सेन्सरला काही जाणवले की त्यावरील प्रतिक्रिया थेट घडावी आणि अशा साध्या प्रतिक्रियांचे थर एकावर एक रचावेत. कीटक असेच जगतात.

८/ ब्रुक्स, हेलन ग्रायनर आणि कॉलिन अँगल यांनी १९९० मध्ये आयरोबॉटची स्थापना केली. एमआयटीच्याच प्रयोगशाळेत जो जोन्स यांनी १९८९ मध्ये जमीन साफ करणारा एक छोटा रोबो तयार केला होता. तेच जोन्स पुढे रुम्बाच्या जनकांपैकी एक ठरले. दरम्यान स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने १९९६ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात आपला रोबो दाखवला आणि २००१ मध्ये तो ‘ट्रायलोबाइट’ या नावाने बाजारात आणला. तो पहिला होता, परंतु सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होता.

९/ सप्टेंबर २००२ मध्ये आलेल्या रुम्बाची किंमत सुमारे २०० डॉलर होती. स्वस्ताईचे रहस्य त्याच्या अज्ञानात होते. त्याच्याजवळ खोलीचा नकाशा नव्हता. तो वर्तुळाकार फिरत विस्तार करी, भिंतीच्या कडेने चाले, कशावर आपटला की वळून भलत्याच दिशेने निघे. पाहणाऱ्याला हे वेडगळ वाटे. तरी पुरेसा वेळ दिल्यास खोलीचा बहुतेक भाग झाडून होई. संपूर्ण यंत्राला मिळून जेमतेम ३० वॅट शक्ती उपलब्ध होती. तारेवर चालणारा साधा व्हॅक्यूम क्लीनर त्याच्या कितीतरी पट वीज घेई.

१०/ या अज्ञानाचा एक अनपेक्षित लाभ झाला. जे यंत्र थोडेच जाणते, त्याचे बिघाडही थोडे आणि उघड असतात. शिवाय रुम्बाचे वागणे सेन्सरशी थेट बांधलेले असल्याने त्याच्या चालीतला दोष पाहून कोणता भाग दुखावला आहे, हे ताडता येई. वैद्याने नाडी पाहावी तसे मालक रोबोची चाल पाहू लागले. घरगुती दुरुस्तीची एक परंपरा येथून आकार घेऊ लागली.

११/ पहिले लक्षण : यंत्र जागच्या जागी गोल फिरते आणि थांबते. चाक किती फिरले हे मोजण्यासाठी चाकाजवळ प्रकाशाचा एक सेन्सर असे. त्यावर धूळ साचली की यंत्राला वाटे, चाक अडकले आहे. मग ते सुटण्यासाठी धडपडे आणि ती धडपड पाहणाऱ्याला गिरकी दिसे. उपाय साधा होता. स्क्रू काढायचे, चाकाचा भाग उघडायचा, फुंकर मारायची, कापसाच्या काडीने सेन्सर पुसायचा. धूळ गिळण्यासाठी जन्मलेले यंत्र धुळीनेच आंधळे होई.

१२/ दुसरे लक्षण : यंत्र सपाट जमिनीवर मागे मागे सरकते. रोबो जिन्यावरून पडू नये म्हणून त्याच्या पोटाशी, पुढच्या बाजूस, अवरक्त किरणांचे सेन्सर असतात. किरण जमिनीवरून परतला नाही तर पुढे खोल आहे, असा त्याचा अर्थ होतो. सेन्सरच्या काचेवर मळ बसला तरी किरण परतत नाही. काळाकुळकुळीत गालिचा असला तरीही नाही, कारण काळा रंग किरण शोषून घेतो. अशा गालिच्यावर निरोगी रोबोही दरीच्या काठी उभा असल्यासारखा बिचकतो.

१३/ तिसरा शत्रू केस. लांब केस आणि दोरे ब्रशच्या दोन्ही टोकांशी गुंडाळले जातात, बेअरिंगमध्ये शिरतात, गिअरपर्यंत पोहोचतात. एवढ्या थोड्या शक्तीच्या मोटरला तो फास सोडवता येत नाही. ती गरम होते आणि थांबते. चौथा विषय बॅटरीचा. त्या काळी निकेल-मेटल हायड्राइडचे प्रत्येकी १.२ व्होल्टचे १२ सेल एकत्र बांधून १४.४ व्होल्टची बॅटरी तयार होई. ती थकली की यंत्र काही मिनिटांत मान टाकी. चार स्क्रू काढून नवी बसवली की पुन्हा तरुण होई.

१४/ २००५ च्या अखेरीस आयरोबॉटने एक धाडसी पाऊल टाकले. रुम्बाच्या अंगावरील एका छोट्या सॉकेटमधून त्याच्याशी संगणकाने कसे बोलावे, याची माहिती कंपनीने खुली केली. कोणत्या सेन्सरला काय दिसते आहे, बॅटरीत किती जीव उरला आहे, हे आता मालकाला आकड्यांत वाचता येऊ लागले. २००६ मध्ये टॉड कर्ट यांचे ‘हॅकिंग रुम्बा’ हे पुस्तक आले. रोबो विद्यार्थ्यांची कार्यशाळाच बनला.

१५/ २००७ मध्ये आलेल्या ५०० क्रमांकाच्या मालिकेत दुरुस्ती अधिक सुलभ झाली. चाके, मुख्य ब्रशचा सांगाडा, बाजूचा ब्रश हे भाग स्वतंत्र संचांच्या रूपात होते. स्क्रू काढून संच बाहेर ओढावा, नवा ढकलून बसवावा. डाग देण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी जॉर्जिया टेकमधील जा-यंग सुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुम्बाच्या मालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक आपल्या रोबोला नाव देतात, त्याला ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणतात, त्याच्यासाठी घरातील सामान हलवतात, असे त्यात आढळले.

१६/ पहिल्या नोंदीतील हट्टाचे मर्म आता ध्यानात येते. जे यंत्र आपण उघडले, ज्याच्या पोटातील केस आपल्या हाताने काढले, ते कारखान्यातील दुसऱ्या नगासारखे राहत नाही. दुरुस्तीमुळे वस्तूला चरित्र लाभते. २००९ मध्ये मार्टीन पोस्टमा यांनी ॲमस्टरडॅम येथे पहिले ‘रिपेअर कॅफे’ भरवले, तेव्हा त्यामागेही हीच भावना होती : बिघडलेली वस्तू घेऊन यावे आणि जाणत्यांच्या शेजारी बसून ती स्वतः दुरुस्त करावी.

१७/ मात्र याच सुमारास रोबो शहाणा होऊ लागला. २०१० मध्ये ‘नीटो’ कंपनीच्या रोबोने फिरत्या लेझरने अंतरे मोजून खोलीचा नकाशा काढण्यास आरंभ केला. २०१५ मध्ये रुम्बाने कॅमेऱ्याच्या साहाय्याने तेच साधले. वेडगळ भटकंती संपली, सरळ रेषांची शिस्त आली. पाठोपाठ रोबो घरातील वायफायला आणि त्याद्वारे कंपनीच्या सर्व्हरला जोडले गेले. नकाशा, वेळापत्रक, मोबाइलवरील आज्ञा या साऱ्यांचा मार्ग आता घराबाहेरून जाऊ लागला.

१८/ स्क्रू तेच राहिले. चाक, ब्रश, बॅटरी आजही घरी बदलता येतात, लेझर फिरवणारा बारीक रबरी पट्टाही बदलता येतो. मात्र यंत्राचा एक अवयव असा झाला, जिथवर कोणताही स्क्रू ड्रायव्हर पोहोचत नाही. आतील सॉफ्टवेअर कुलूपबंद आणि सर्व्हर परक्या देशात. चाक निखळले तर मालक ते बसवील. सर्व्हर बंद पडला तर त्याने काय उघडावे?

१९/ डिसेंबर २०१७ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे केऑस कम्युनिकेशन काँग्रेस भरली. तेथे डेनिस गीझे आणि डॅनियल वेगेमर या संशोधकांनी शाओमीचा रोबो उघडून दाखवला. त्याच्या आत उबुंटू लिनक्स ही संपूर्ण संगणकप्रणाली चालत होती. ॲल्युमिनियम फॉइलच्या तुकड्याने चिपच्या जोडण्या क्षणभर जुळवून त्यांनी त्यात शिरकाव मिळवला होता. पुढे ‘व्हॅलेटुडो’ हे मुक्त सॉफ्टवेअर विकसित झाले. ते रोबोच्या आतच चालते आणि काही निवडक रोबोंना कंपनीच्या सर्व्हरशिवाय काम करू देते. घरगुती दुरुस्तीने येथे नवे क्षेत्र जिंकले.

२०/ कायदा या शर्यतीत मागून धावत होता. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्टने डिजिटल कुलपे तोडण्यास मनाई केली होती. २०१८ मध्ये घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीसाठी त्यातून सूट मिळाली. परंतु कुलूप उघडण्याचे साधन इतरांना पुरवण्याची मुभा त्या सुटीत नव्हती. म्हणजे प्रत्येकाने आपली किल्ली आपणच घडवावी, अशी ही विचित्र सवलत होती.

२१/ युरोपची कथा आणखी उद्बोधक आहे. २०१३ च्या युरोपीय नियमाने व्हॅक्यूम क्लीनरच्या टिकाऊपणाचे निकष ठरवले : नळीने ४०,००० वेळा वाकणे सोसावे, मोटर किमान ५०० तास चालावी. रोबो मात्र त्यातून वगळले गेले. २०२४ च्या दुरुस्तीविषयक निर्देशाच्या यादीत व्हॅक्यूम क्लीनर आहेत. परंतु व्याख्या त्याच २०१३ च्या नियमाची, म्हणजे रोबो पुन्हा दाराबाहेर. फ्रान्सने मात्र नोव्हेंबर २०२२ पासून रोबोंनाही ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांक’ लागू केला. यंत्र किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, ते कितीला पडतात, यांवर १० पैकी गुण द्यावे लागतात.

२२/ सर्व्हरचा धोका काल्पनिक नव्हता. नीटोचा कारभार २०२३ मध्ये बंद झाला. तेव्हा किमान पाच वर्षे सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन होते. २०२५ मध्येच ती गुंडाळण्यात आली. धडधाकट रोबो मोबाइलवरून चालेनासे झाले, अंगावरचे बटण तेवढे उरले. आयरोबॉटला विकत घेण्याचा ॲमेझॉनचा सुमारे १७० कोटी डॉलरचा व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये मोडला. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला आणि तिची यंत्रे बनवणाऱ्या ‘पिसिया’ या चिनी कंपनीकडे मालकी जाण्याचा मार्ग आखला गेला.

२३/ भारतात व्हॅक्यूम क्लीनर घरोघरी नेण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात मुंबईच्या युरेका फोर्ब्सकडे जाते. १९८२ मध्ये इलेक्ट्रोलक्सच्या सहकार्याने सुरू झालेल्या या कंपनीचे विक्रेते दारात येऊन प्रात्यक्षिक दाखवीत. रोबोंची मागणी वाढली ती २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा घरकामास येणाऱ्या स्त्रियांचे येणे थांबले. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. मात्र पोर्टल माहिती देते. कायद्याची सक्ती ही वेगळी बाब आहे.

२४/ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही मोटर, सेन्सर, बॅटरीचे सेल सुटे मिळतात. लिथियमची बॅटरी मात्र सेल सोडवून घरी बांधू नये. चुकीची जोडणी आग लावू शकते, म्हणून ती संपूर्ण बदलावी. उरलेले बहुतेक रोग केस, धूळ आणि झिजलेले चाक यांचेच असतात. त्यांच्यासाठी एक स्क्रू ड्रायव्हर, कापसाची काडी आणि अर्धा तास निवांतपणा पुरतो. हे भाग मिळत राहणे आणि यंत्र उघडता येणे, या दोन अटी टिकल्या तरच ही विद्या टिकेल.

२५/ बूथ यांच्या काळी यंत्र रस्त्यावर उभे असे आणि घरात केवळ नळी येई. स्पँग्लर यांनी ते घरात आणले आणि मालकाच्या हाती दिले. आजचा रोबो पलंगाखाली झोपतो. पण त्याच्या बुद्धीचा काही भाग पुन्हा रस्त्यापलीकडे गेला आहे. म्हणून असा रोबो घेण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. याचे चाक आणि बॅटरी सुटी मिळते का? आणि घरातील वायफाय बंद केले तर हा केर काढतो का? ज्या यंत्राबाबत दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, त्याला खुशाल नाव ठेवावे.